मेश्राम मॅडमचं भांडखोर इंग्रजी

अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या एका शाळेत मुलाखतीला गेल्यावर मुख्याध्यापकांनी सुलेखा मेश्रामला विचारलं, की भारतात तुम्ही इंग्रजी कोणत्या भाषेतून शिकवत होता. प्रश्न सभ्य होता. विचारणारा माणूसही सभ्यच होता, त्याने तिच्यासाठी दार उघडून धरलं होतं. सुलेखा म्हणाली, "इंग्रजीतून. तुम्ही कशातून शिकवता?"

ती नोकरी मिळाली नाही. त्यानंतरच्या तीन शाळांतल्याही मिळाल्या नाहीत.

सुलेखा नागपूरच्या इंदोऱ्यातली. तिथे महापालिकेच्या मुलींच्या शाळेत तिने बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. वर्गात साठ-सत्तर मुली, एक पंखा, आणि खिडकीबाहेर ट्रक उभे करायची जागा. या सगळ्यावरून शेवटच्या बाकापर्यंत भूतकाळ पोचवता पोचवता तिला असा आवाज लागला होता, की ती घरात मीठ मागायची आणि शेजारी आणून द्यायचे. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. पंक्चर काढता काढता ते पोरींना सांगायचे, इंग्रजी शिका, मग कोणाच्या बापाला भिऊ नका. सुलेखा इंग्रजीत एम.ए. झाली आणि खरंच कोणाच्या बापाला भ्यायली नाही. याचा त्रास पुढे पुरुषोत्तमला झाला.

पुरुषोत्तम तिचा नवरा. अमरावतीचा, पुलांचे आराखडे करणारा इंजिनियर. स्वभावाने इतका गरीब, की दार लागून बोट चेमटलं तरी आधी दाराकडे बघून 'सॉरी' म्हणायचा. १९८२ साली कंपनीने त्याला न्यू जर्सीत आणलं आणि त्याने सुलेखाला. पहिलं वर्ष तिने खिडकीत बसून पार्किंग लॉट बघण्यात घालवलं. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवालाही एकदा जाऊन आली. तिथे एका काकूंनी नाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग 'मेश्राम म्हणजे कुठले हो?' असं विचारलं, आणि उत्तर मिळायच्या आतच 'अरे वा, छान छान' म्हणून वाटली डाळ आणायला गेल्या. त्या परत काही आल्या नाहीत. सुलेखा घरी येऊन पुरुषोत्तमला म्हणाली, की डाळ बहुतेक पुण्याहून मागवली असावी.

मग एक दिवस फोन आला. गावातल्या प्रौढशिक्षणाच्या वर्गांचं काम मिसेस हेगन नावाच्या बाई बघायच्या. चर्चच्या तळघरात सकाळी दहाला नवख्या लोकांसाठी इंग्रजीचा वर्ग चालायचा, आणि तिथली शिक्षिका लग्न करून फ्लोरिडाला निघून गेली होती. त्या वेळेला, त्या थंड तळघरात, त्या पगारावर यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. मिसेस हेगननी हे सगळं फोनवर खरं खरं सांगून टाकलं. सुलेखाला त्या तेव्हाच आवडल्या.

वर्गात डझनभर माणसं, सगळी चिनी. पण चिनी म्हणजे एकच काहीतरी असतं हा सुलेखाचा समज पहिल्या दिवशीच गेला. मिस्टर लाऊ हाँगकाँगचे, रूट ४६ या हमरस्त्यावरच्या एका चिनी हॉटेलात आचारी. हॉटेल उघडायच्या आत वर्ग उरकून जायचे, त्यामुळे त्यांच्या अंगाला लसणाचा वास कायमचा वस्तीला होता. मिसेस चेन तैवानच्या, सत्तरीच्या, विधवा. तैपेईत त्यांचं स्वतःचं कापडाचं दुकान होतं. ते विकून मुलाकडे नातवंडं सांभाळायला आल्या होत्या. लाऊंची चिनी चेनबाईंना कळायची नाही आणि चेनबाईंची लाऊंना. नागपूरकर आणि मद्रासी शेजारी बसवावेत तसे ते दोघं एकमेकांकडे बघून नुसते हसायचे.

शिकवायला सरकारमान्य पुस्तक होतं. त्यात टॉम आणि सूझन नावाची गोरी भावंडं होती. ती सहलीला जायची, सँडविच खायची आणि हवा किती छान आहे असं एकमेकांना सांगायची. तीन आठवडे सुलेखाने इमानेइतबारे टॉम आणि सूझनला सहलीला नेलं. कोणाच्या तोंडून एक आख्खं वाक्य निघालं नाही. सगळे मान हलवायचे, हसायचे आणि 'थँक यू, टीचर' म्हणून घरी जायचे.

चौथ्या आठवड्यात भांडण झालं. तळघरात एकच हीटर होता आणि त्याच्याजवळ एकच खुर्ची. चेनबाई आल्या तर तिच्यावर लाऊ बसलेले.

"माय चेअर," चेनबाई म्हणाल्या.

लाऊ हलले नाहीत. "नो. माय चेअर."

"यस्टर्डे माय चेअर! यू केम लेट!"

सुलेखाच्या हातातला खडू तसाच राहिला. यू केम. भूतकाळ! टॉम आणि सूझनना जे तीन आठवड्यांत जमलं नव्हतं ते एका खुर्चीने करून दाखवलं. चेनबाईंनी पुढे आणखी दोन भूतकाळ वापरले, एक चुकीचा. लाऊंनी भविष्यकाळात धमकी दिली. सुलेखा मधे पडली नाही. शाळेत मुली झिंज्या उपटायला लागल्या की ती मधे पडायची, पण इथे व्याकरण चाललं होतं.

त्या दिवशी तिने पुस्तक कपाटात टाकलं आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: धिस इज नॉट गुड. आय वॉन्ट टू सी द मॅनेजर.

तिचं म्हणणं साधं होतं. हवा छान असली तर माणूस गप्प बसूनही जगू शकतो. दूध नासकं निघालं, घरमालकाने हीटिंग बंद केलं, डॉक्टरने पूर्ण ऐकून न घेता गोळ्या दिल्या, तेव्हा भाषा लागते. म्हणजे मुळात भांडायलाच लागते. कौतुक काय, खुणेनेही होतं.

चेनबाईंचं दूध तर खरोखरच नासकं निघालं होतं. त्यांनी दोन बोटांनी नाक धरून दाखवलं. मग काय केलं, असं सुलेखाने विचारल्यावर त्यांनी ग्लास पिण्याची खूण केली. सांगता आलं नाही, म्हणून पिऊन टाकलं.

"काहून पण?" सुलेखा मराठीतच ओरडली. वर चर्चमध्ये कोणीतरी ऑर्गन वाजवत होतं, ते थांबलं.

पुढचे दोन दिवस वर्गाने दूध परत करण्याचा सराव केला. लाऊ मॅनेजर झाले. ते फार दुष्ट मॅनेजर निघाले. पुढच्या खेपेला चेनबाईंकडे पुन्हा नासका डबा आला तेव्हा आख्खा वर्ग त्यांच्यामागे सुपरमार्केटमध्ये गेला. टाय लावलेला खरा मॅनेजर बाहेर आला. एवढी माणसं बघून तो जरा दचकला. चेनबाईंनी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, की हे दूध चांगलं नाही. मॅनेजरने डबा फिरवून तारीख बघितली आणि तारखेप्रमाणे दूध चांगलं असायला हवं असं काहीतरी गुळगुळीत बोलला. हे वाक्य सरावात नव्हतं. सगळे सुलेखाकडे बघायला लागले. सुलेखा छताकडे बघत राहिली.

चेनबाईंनी डब्याचं तोंड उघडलं आणि त्याच्या नाकाखाली धरलं.

"यू ड्रिंक," त्या म्हणाल्या.

नवा डबा मिळाला. वर एक दह्याचा डबाही मिळाला, तो कशाबद्दल ते कोणालाच कळलं नाही.

ही बातमी रूट ४६ वरच्या सगळ्या चिनी स्वयंपाकघरांतून फिरली आणि वर्ग भरायला लागला. लोक आपापली भांडणं घेऊन यायचे, डॉक्टरकडे फोड दाखवायला न्यावा तशी. लाऊंच्या घरात हीटिंग नव्हतं. त्यांनी घरमालकाला फोनवर सांगितलं, की मी गारठलो आहे, माझी बायको गारठली आहे, आज रात्री तुम्ही इथे झोपायला या. माणूस दुसऱ्या दिवशी पाना घेऊन हजर. सुलेखा वर्गात चुका दुरुस्त करायची, पण आधी विचारायची, काम झालं का? काम झालं असेल तर त्या चुकीला ती हात लावायची नाही.

आता विद्या एकदा दिली की ती कुठे वापरायची हे शिक्षकाच्या हातात राहत नाही. चेनबाईंनी ती घरी वापरली.

त्यांचा मुलगा डेव्हिड चेन हा पुरुषोत्तमचा साहेब होता. हे सुलेखाला माहीत होतं, पण तिने त्याचा फारसा विचार केला नव्हता. एका सोमवारी पुरुषोत्तम पांढराफटक होऊन घरी आला आणि कोट न काढताच बसला. त्याने सांगितलं ते असं. दर शनिवारी डेव्हिड आणि त्याची बायको बाहेरची कामं करायला जायचे, आणि दोन्ही पोरं, धुणं आणि स्वयंपाक चेनबाईंवर असायचा. परवाच्या शनिवारी चेनबाई कोट घालून सोफ्यावर बसल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, सॅटर्डे आय ॲम नॉट अव्हेलेबल. डेव्हिडने विचारलं, की हे काय चाललंय. तर त्यांनी त्याला सांगितलं, धिस इज नॉट गुड.

"मॅनेजरला बोलवा म्हणाल्या का?" सुलेखाने विचारलं.

"सुलेखा, हसू नको. त्याने मिसेस हेगनना फोन केलाय. म्हणाला, वर्गात उद्धटपणा शिकवतात, आणि शिकवणारीचं इंग्रजीही इंडियन आहे. आईचं नाव वर्गातून काढलं त्याने. मिसेस हेगन गुरुवारी वर्ग बघायला येणार आहेत." पुरुषोत्तमने कपाळ पुसलं. "एकच दिवस. फक्त हवामानावर बोल. माझ्यासाठी."

सुलेखा भ्यायली असं तिने कधी कबूल केलं नाही. पण गुरुवारी सकाळी तिने कपाटातून टॉम आणि सूझनला बाहेर काढलं. मिसेस हेगन मागच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. चेनबाईंची हीटरजवळची खुर्ची रिकामी होती, मुलाने त्यांचा वर्ग बंद केला होता. त्या खुर्चीवर कोणी बसलं नाही, लाऊसुद्धा नाहीत.

सुलेखाने विद्यार्थ्यांपुढे कधीच लावला नव्हता असा मधाळ आवाज लावला आणि विचारलं, "मिस्टर लाऊ, आज हवा कशी आहे?"

लाऊंनी सगळीकडे बघितलं. "नो विंडो, टीचर," ते म्हणाले.

तळघर होतं. खिडकी कुठून असणार? सुलेखाने पुस्तकातलं पान उलटलं आणि दुसऱ्या एका बाईंना विचारलं, की सूझनला सँडविच आवडतं का. त्या बाई काळजीने तिच्याकडे बघत राहिल्या. मग लाऊ मागे वळले. मिसेस हेगनना त्यांनी फार नम्रपणे विचारलं, "यू आर मॅनेजर?"

मिसेस हेगन म्हणाल्या, तसं म्हणायला हरकत नाही.

मग धरणच फुटलं. लाऊंनी सांगितलं की हीटर एकच आहे आणि तो आजारी आहे. दुसऱ्या बाईंनी सांगितलं की बाथरूमचं दार आतून लागत नाही, त्यामुळे एकीला बाहेर उभं राहून गाणं म्हणावं लागतं. तिसऱ्याने सांगितलं की पुस्तकातला टॉम फार मूर्ख आहे. कोणीतरी विचारलं, की मिसेस चेन कुठे आहेत, आणि त्यांना थांबवणारा कोण. सुलेखा फळ्याला टेकून उभी राहिली. तिने डोळ्यांदेखत आपली नोकरी संपताना बघितली आणि तरी तिला आतून इतकं हसू येत होतं की तिने खडू दातात धरला.

वर्ग सुटल्यावर मिसेस हेगन थांबल्या. म्हणाल्या, की मी इतकी वर्षं हे वर्ग बघते, पण एकही विद्यार्थी माझ्याशी 'थँक यू'च्या पलीकडे बोलला नव्हता. मग जरा विचार करून म्हणाल्या, "पुस्तक टेबलावर ठेवत जा. उघडलं की नाही ते मी विचारणार नाही."

बाथरूमच्या दाराला त्याच आठवड्यात कडी लागली. चेनबाई मात्र आल्या नाहीत.

त्या आल्या त्या थेट सुलेखाच्या घरी, पुढच्या शनिवारी सकाळी. रस्त्याच्या कडेला बर्फाचा चिखल झाला होता आणि त्या भागात पायी चालायला फुटपाथही नव्हता. एवढ्या रस्त्याने त्या गाड्यांच्या कडेकडेने छत्री घेऊन चालत आल्या होत्या. दार पुरुषोत्तमने उघडलं. साहेबाची आई गुडघ्यापर्यंत भिजून दारात उभी बघून त्याने सवयीप्रमाणे 'सॉरी' म्हटलं.

सुलेखाने त्यांना कोरडे मोजे दिले आणि हीटरजवळ बसवलं. वरणभात आणि वांग्याची भाजी वाढली. चेनबाईंनी भात खाल्ला, भाजी खाल्ली आणि पोर्क कुठे आहे असं विचारलं. नंतर हात मागे बांधून त्यांनी घर तपासलं. टीव्हीवर बुद्धाची मूर्ती होती, सारनाथहून आणलेली. तिच्यापुढे त्या वाकल्या, हात जोडले, मग जवळून बघितलं आणि त्यांना काही ते पटलं नाही.

"टू थिन," त्या म्हणाल्या. "नोबडी कुक फॉर हिम?"

सुलेखाने सांगितलं, की आमच्याकडचा असाच असतो. त्यांच्याकडचा लठ्ठ, हसरा असायचा, पोट पुढे काढून बसलेला. चेनबाईंनी मूर्तीपुढे एक संत्रं ठेवलं, बहुधा वजन वाढावं म्हणून. मग त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक.

"युवर फादर?"

इंदोऱ्यातून आलेल्या बाईला बाबासाहेबांच्या फोटोबद्दल कोणी हे विचारलं, तर तिने काय सांगावं? सुलेखाच्या डोक्यात दीक्षाभूमी आली, संविधान आलं, वडिलांचं दुकान आलं. तेवढं इंग्रजी तिला येत होतं. तिने घसा साफ केला आणि म्हणाली, "येस."

"गुड कोट," चेनबाई म्हणाल्या आणि बसल्या.

दुपारी डेव्हिड चेन आला. सबंध गावात गाडी फिरवून आला होता, केस विस्कटलेले होते. त्याने सुलेखाकडे बघितलं नाही, पुरुषोत्तमलाही ओळख दाखवली नाही. सरळ आईसमोर उभा राहून चिनीत बोलायला लागला, हळू आवाजात, भराभर. चेनबाईंनी त्याला बोलू दिलं. मग म्हणाल्या, "डेव्हिड. स्पीक इंग्लिश."

तो लाल झाला. लोकांसमोर हा काय तमाशा, असं काहीसं तो इंग्रजीत म्हणाला. आपल्या भाषेत बोलू, आई, घरी चल.

"नो," चेनबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते. शब्द एकेक करून आले, मधे थांबत. "चायनीज, आय ॲम मदर. मदर से येस, येस, येस. इंग्लिश, आय ॲम मिसेस चेन." त्यांनी श्वास घेतला. "मिसेस चेन से नो."

 सुलेखा स्वयंपाकघराच्या दारात ओलं फडकं घेऊन उभी होती. इतकी वर्षं तिला वाटत होतं की इंग्रजी नोकरीसाठी असतं, वरच्या लोकांपुढे ताठ उभं राहायला असतं. पण मराठीत तिने 'मेश्राम' म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी मोजलं जायचं, आणि इंग्रजीत म्हटलं की लोक फक्त स्पेलिंग विचारायचे. या म्हातारीला ते सगळं दोन महिन्यांत कळलं होतं, तेही क्रियापदाला प्रत्यय न लावता.

डेव्हिड खुर्चीवर बसला. बसल्यावर तो साहेब दिसेना, नुसता थकलेला माणूस दिसायला लागला. बायको दुसऱ्या गावी नोकरी करते, आठवडाभर आम्ही एकमेकांना बघत नाही, शनिवार तेवढा मिळतो, असं तो फरशीकडे बघून म्हणाला. पुरुषोत्तमने चहा करून आणला, साखर विसरला. डेव्हिड तो मुकाट्याने प्यायला. मग वाटाघाटी झाल्या. तो म्हणाला, एक शनिवार सोडून एक. चेनबाई म्हणाल्या, एव्हरी सॅटर्डे. तो म्हणाला, मग तू दिवसभर करणार काय?  ते त्याने विचारायचंच नव्हतं.

निघताना डेव्हिड दारात थांबला आणि सुलेखाला त्याने विचारलं, की तुम्हीच शिकवलंत ना हे?

"'नो' मी शिकवलं," ती म्हणाली. "बाकीचं त्यांचं आहे."

चेनबाई सोमवारी वर्गात आल्या आणि सरळ हीटरजवळच्या आपल्या खुर्चीवर बसल्या. शनिवारी त्या लाऊंच्या हॉटेलात जायला लागल्या, मागच्या टेबलावर मोमोसारखे डंपलिंग वळायला. ते दोघं दिवसभर मोडक्या इंग्रजीत भांडायचे. लाऊ म्हणायचे, की या बाईमुळे माझं इंग्रजी सुधारलं आणि रक्तदाब बिघडला.

डेव्हिड ऑफिसात पुरुषोत्तमशी बरेच दिवस कामापुरतंच बोलला. तेवढ्या दिवसांत पुरुषोत्तमचा बेल्ट दोन भोकं आत गेला. मग एकदा जेवणाच्या सुट्टीत डेव्हिड स्वतःहून त्याच्या टेबलाशी आला. माझ्या सासूबाई तैवानहून येणार आहेत, त्यांनाही वर्गात घ्याल का, असं त्याने विचारलं, आणि जरा थांबून म्हणाला, "पण त्यांना फक्त हवामान शिकवा."

सुलेखाने तो वर्ग पाच वर्षं चालवला. १९८८ मध्ये पुरुषोत्तमची बदली मिनेसोटात ईडन प्रेरीला झाली. तिथली थंडी बघून सुलेखाला वाटलं की न्यू जर्सीत आपण उगाच कुरकुर करत होतो. नवीन फोन लागला त्या रविवारी तिने पहिला फोन चेनबाईंना केला. त्या आता वेगळ्या राहत होत्या, म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. डेव्हिड दर रविवारी जेवायला यायचा, स्वतःची भांडी स्वतः घासायचा. शेजारीण इटालियन होती, तिचा टीव्ही मोठ्याने चालायचा. तिच्याशी भांडण झालं होतं, मग समेट झाला होता, आणि आता परत भांडण चालू होतं. चेनबाईंनी ते सगळं सविस्तर सांगितलं, नावं आणि तारखांसकट. सुलेखा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ऐकत राहिली. मग तिने आपलं सांगायला सुरुवात केली, की इथे काय बर्फ आहे, काय एकटं वाटतं, वर्गाची किती आठवण येते.

"टीचर," चेनबाई मधेच म्हणाल्या, "लाँग डिस्टन्स. यू टॉक टू मच."

आणि त्यांनी फोन ठेवला.